आधी महाराष्ट्र कौन्सिल, मग ऑस्की

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली मला विचारतात, ताई, यूकेला जायचं तर कुठली परीक्षा द्यावी लागते आणि क्लास कुठला लावू? मी त्यांना आधी विचारते, तुझं मिडवायफरीचं केसबुक, म्हणजे बाळंतपणाच्या केसेसची नोंदवही, पूर्ण झालंय का, आणि त्यातल्या केसेस तू स्वतः केल्यास का? त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. पण मी दोन्हीकडून गेलेय. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचं. तिकडे माझ्याकडून जे करून घेतलं, ते बहुतेक सगळं इथेच शिकायचं होतं. म्हणून सुरुवात कॉलेजपासून करते.

माझं कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं. कोर्स चार वर्षांचा. आपल्याकडे डिग्रीनंतर लायसन्ससाठी वेगळी परीक्षा नसते. विद्यापीठाची परीक्षा पास झालात, क्लिनिकलचे तास भरले, केसबुकावर सह्या झाल्या की कौन्सिलकडे अर्ज करायचा. मग नावापुढे आरएन-आरएम लागतं, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाईफ. या दुसऱ्या शब्दाचा सगळा भार त्या केसबुकावर असतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादी आमच्या वेळी सगळ्यांना तोंडपाठ होती. २० गरोदर मातांची तपासणी, २० नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हाताने, ५ पीव्ही (आतून तपासणी), ५ एपिसिओटॉमी (बाळंतपणात द्यायचा छेद) टाक्यांसकट, ५ बाळांचं रिससिटेशन (श्वास सुरू करून देणं), बाळंतपणानंतरच्या २० माता, ५ कॉपर-टी. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आमची पोस्टिंग असायची जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूमला, आणि तिथेच जीएनएम, एएनएम या इतर नर्सिंग कोर्सच्या मुली, मेडिकलचे इंटर्न. टेबल दोन आणि भोवती घोळका. बाळंतपणाला आलेल्या बाईच्या डोक्याशी तिची आई नाही आणि पायाशी मात्र अनोळखी दहा चेहरे. मला ते तेव्हाही बघवायचं नाही.

दिवसा हाताला काही लागत नाही हे लक्षात आल्यावर आम्ही दोघीतिघींनी नाईट मागून घेतल्या. रात्री गर्दी पांगायची आणि इनचार्ज सिस्टर खऱ्या शिकवायच्या. त्यांचा एकच नियम होता, तोंडाने बोलत कर, मला ऐकू आलं पाहिजे. डोकं दिसायला लागलं की त्या म्हणायच्या, "घाई करू नको. पेरिनियमवर हात ठेव. आता मानेभोवती नाळ आहे का बघ. काय दिसतंय, सांग." बाळ आईच्या पोटावर ठेवलं की लगेच पुढचं. आधी पोटावर हात फिरवून आत दुसरं बाळ नाही याची खात्री, ती मोठ्याने सांगायची, आणि मगच ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत. हा क्रम का, तर आत जुळ्यांपैकी दुसरं असताना इंजेक्शन गेलं तर गर्भाशय त्याच्यावर आवळतं. सिस्टर हे समजावून थांबायच्या नाहीत, प्रत्येक वेळी वदवून घ्यायच्या. ऑक्सिटोसिनची अॅम्प्यूल फोडायच्या आधी नाव वाच, डोस वाच, एक्सपायरी वाच. बाई कळा देऊन थकलेली असायची, पण आम्ही मोठ्याने बोलत असल्यामुळे तिलाही कळायचं की आता काय चाललंय. एकदा एकीने विचारलं, "ते इंजेक्शन कशाचं?" सिस्टर म्हणाल्या, "तुला विचारतायत. उत्तर दे त्यांना."

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. एका बाळंतपणाची नोंद चार-चार वह्यांत गेलेली मी पाहिली आहे. आयपी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा क्रमांक, तोच, वेळ तीच, बाळाचं वजनही तेच, फक्त 'कंडक्टेड बाय' समोरचं नाव वेगळं. सही करणाऱ्यांना ते कळत नसेल असं नाही. मुली जास्त, बाळंतपणं कमी आणि फॉर्म भरायची तारीख ठरलेली, म्हणून सगळेच पुढे सरकतात. पण त्या मुलीच्या प्रमाणपत्रावर उद्या 'रजिस्टर्ड मिडवाईफ' छापलं जाणार असतं आणि एखाद्या उपकेंद्रात रात्री दोन वाजता तिच्याशिवाय कुणी नसणार. याविषयी मला फार वाईट वाटतं. यात दोष मुलींचा नाही. बाळंतपणं किती आणि पोरी किती, हा हिशेब प्रवेश देतानाच करायला हवा.

रजिस्ट्रेशनचा भाग थोडक्यात सांगते. आपलं कौन्सिल १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस अॅक्टखालचं, ऑफिस मुंबईला. अर्ज बहुतेक कॉलेजमार्फतच होतो. पुढे आधारशी जोडलेला राष्ट्रीय नंबरही घ्यावा लागतो, त्याला एनयूआयडी म्हणतात. यात अक्कल लागते ती एकाच ठिकाणी, नावात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकी नाव दुसऱ्या. डिग्रीवर एखादं अक्षर इकडचं तिकडे. आणि मधल्या काळात लग्न झालं असेल तर नावच दुसरं. इथे आपण कुणाला तरी सांगून चालवून घेतो. परदेशातल्या कौन्सिलला ती दोन वेगळी माणसं दिसतात. माझ्यासोबतच्या एका मैत्रिणीचे सगळे कागद एका अक्षरापायी कितीतरी महिने अडकले होते. म्हणून मुलींनो, पासपोर्ट काढायच्या आधी सगळी मार्कशीटं टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर गॅझेट करून घ्या, आणि ते केल्यावर कौन्सिलच्या रजिस्टरमध्येही बदला. आणि कॉलेज सोडतानाच ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवा. त्यात थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास विषयवार असतात. पाच वर्षांनी मागायला गेलं की प्रिन्सिपल बदललेल्या असतात आणि जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं.

पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल वॉर्डला आणि नंतर आयसीयूला काम केलं. यूकेचं ठरलं तेव्हा पहिला टप्पा इंग्रजीचा. आयईएलटीएस दिली तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिखाणात ६.५ लागतात. ओईटीत, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत, तीन भागांत बी आणि लिखाणात सी प्लस. मी ओईटी निवडली, कारण तिथे निबंधाऐवजी पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं आणि बोलण्याच्या परीक्षेत आपण नर्सच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना माझं सांगणं आहे की ओईटीला बिचकू नका. केसपेपरमधलं कुठलं पुढच्या माणसाला कळवायचं आणि कुठलं गाळायचं, हे आपण रोज हँडओव्हरला, ड्यूटी दुसरीकडे सोपवताना, करतच असतो.

याच काळात एजंटांचे फोन सुरू झाले. एकाने लाखांत आकडा सांगितला, अर्धे आधी. माझ्या ओळखीतल्या मुलींनी दागिने गहाण ठेवून असे पैसे भरलेत. ब्रिटन सरकारच्या भरतीच्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलंय की उमेदवाराकडून भरतीसाठी पैसे घ्यायचे नाहीत. एजन्सीचे पैसे नोकरी देणारा देतो. ही संहिता पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) एम्प्लॉयर्स या संस्थेने सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे. त्या यादीत नाव नसेल तर फोन ठेवून द्या.

पात्रतेची परीक्षा दोन भागांत असते. पहिला भाग संगणकावरचा, सीबीटी, तो भारतात देता येतो. मी मुंबईत दिला. त्यात गणिताचे १५ प्रश्न अर्ध्या तासात, मग क्लिनिकलचे १०० प्रश्न अडीच तासांत. गणिताला पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाईप करायचं. एक लिटर सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेटमधून एका एमएलला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती? २०,००० थेंब भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४२. वॉर्डात आपण रोलर फिरवून नजरेने थेंब लावतो आणि सवयीने ते बरोबरही येतं. इथे कागदावर यायला हवं.

दुसरी अडचण औषधांच्या नावांची. आपल्याकडे ऑर्डर ब्रँडच्या नावाने असते. सकाळी मोनोसेफ, एमसेट, पॅन, ताप आला तर डोलो. वर्षानुवर्षं हेच तोंडात बसलेलं असतं. तिकडे चार्टवर सेफ्ट्रायअॅक्झोन, ऑन्डॅनसेट्रॉन, पॅन्टोप्राझोल, पॅरासिटामॉल. मी पुण्यातल्या ड्यूटीवर असतानाच वही केली. दिलेल्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ते कशासाठी, आणि देण्याआधी काय बघायचं. डिजॉक्सिनच्या आधी नाडी, इन्सुलिनच्या आधी शुगर. शेवटच्या वर्षाच्या मुलीनेही ही वही आजपासून करावी. परदेशी गेली नाही तरी ती वाया जाणार नाही.

दुसरा भाग ऑस्की, म्हणजे स्टेशनांवर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, तो यूकेतच होतो. तोपर्यंत आपण ट्रस्टमध्ये, म्हणजे एनएचएसची हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेत, रुजू झालेलो असतो, पण नर्स म्हणून नाही. पगार खालच्या बँडचा, गणवेश वेगळा आणि औषधाला हात लावायचा नाही. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला हे जड जातं. माझ्यासोबत केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या नर्स होत्या, कुणाचा पंधरा वर्षांचा अनुभव. सगळ्यांना पुन्हा हात धुण्यापासून सुरुवात. कोपराखाली काही घालायचं नाही, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. साधी एक अंगठी चालते. मनगटावरचं घड्याळ गेलं की नाडी मोजायला छातीवर अडकवायचं छोटं घड्याळ येतं.

ऑस्कीत दहा स्टेशन. चार एकाच पेशंटची साखळी: तपासणं, नियोजन, प्रत्यक्ष औषध देणं, शेवटी पेशंट दुसरीकडे सोपवताना हँडओव्हर. चार स्टेशन हातच्या कौशल्यांची, म्हणजे इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर काढणं, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) यांसारखी. दोन लेखी, तिथे कुणी काही बोलत नाही. मला परीक्षेत काय आलं ते मी लिहिणार नाही, ते कुणी फोडू नये. पण ट्रस्टच्या सरावात जे करून घेतलं त्यातलं सांगते, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

एक म्हणजे न्यूज-टू नावाचा चार्ट. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये आणलेला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. सरावात आमच्यासमोर एक आजोबा ठेवले: श्वास २२, सॅच्युरेशन हवेवर ९५, वरचं बीपी १०८, नाडी ११२, ताप ३८.४, शुद्धीवर, बोलतायत. पुण्याच्या वॉर्डात मी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहून ताप आहे म्हणून एक पॅरासिटामॉल दिली असती आणि पुढच्या खाटेकडे गेले असते, कुणीही तेच करेल असे हे आकडे. एकही आकडा एकटा घाबरवणारा नाही. गुण मांडले तर २, १, १, २, १. बेरीज ७. सातला तातडी असते. लगेच डॉक्टरांची वरिष्ठ टीम बोलवायची, पेशंटवरची नजर हलवायची नाही, सेप्सिसचा, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाचा, विचार करायचा. त्या दिवशी मी बराच वेळ तो चार्ट हातात धरून बसले होते. आपल्याकडे एका नर्सच्या वाट्याला जेवढे पेशंट येतात, तिथे तर असा चार्ट जास्तच गरजेचा आहे. त्याला यंत्र लागत नाही, एक कागद लागतो.

दुसरं औषधांचं स्टेशन. पेशंटचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून, मग ती मनगटाच्या पट्ट्याशी ताडून, मग चार्टशी. अॅलर्जी विचारायची, आणि झाली तर काय होतं तेही. मग एकेक औषध. सरावाच्या चार्टवर एकदा पॅरासिटामॉल होती, पण आधीचा डोस दोनच तासांपूर्वीचा. चार तास झालेले नाहीत, म्हणून द्यायची नाही. खाली अमॉक्सिसिलिन होती आणि पेशंटने पेनिसिलिनची अॅलर्जी सांगितलेली. तीही द्यायची नाही, ज्याने लिहिलीय त्याला कळवायचं. दोन्ही ठिकाणी न देण्याचं कारण चार्टवर लिहून सही. औषध न देणं हेसुद्धा नर्सचं काम आहे आणि त्याची नोंद तिच्या सहीने होते, हे मला फार पटलं. आपल्याकडे ऑर्डरवर शंका घ्यायची म्हटलं की धीर गोळा करावा लागतो. तिकडे शंका घेतली नाही तर नापास.

आणि सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं. परीक्षक हातात कागद घेऊन शेजारी उभा. तुम्ही मनात तपासलंत, त्याला दिसलं नाही, म्हणजे ते झालं नाही. मी सुईचं पाकीट डोळ्यांनी बघते, ते पुरत नाही. 'पाकीट फाटलेलं नाही, तारीख उलटलेली नाही' हे मोठ्याने म्हणायचं. पेशंटला आधी विचारायचं, तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारू? मी आता काय करणार आहे, चालेल का? पडदा ओढू का? दुखलं तर थांबेन. आपण 'आजी, हात द्या बघू' म्हणतो आणि आजी हात पुढे करतात. त्यात माया असते, आणि ती मी यूकेला आल्यावरही सोडलेली नाही. पण आजींना त्या सिरिंजमध्ये काय आहे ते सांगितलेलं नसतं. सीपीआरच्या सरावालाही तेच. ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि त्याआधी २२२२ ला, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलांच्या आतल्या तातडीच्या नंबरला, फोन करायला कुणाला तरी स्पष्ट सांगायचं. सगळं मोठ्या आवाजात.

केरळच्या मैत्रिणींना आणि मला या बोलण्यावाचून दुसरं काही शिकायचं नव्हतं म्हटलं तरी चालेल. आम्ही संध्याकाळी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात उशीला आजोबा करून एकमेकींना ऐकवायचो. मला त्यातल्या त्यात सोपं गेलं, कारण रात्रीच्या लेबर रूममध्ये एका सिस्टरने ही सवय कधीच लावली होती. तेव्हा ती त्यांची शिस्त वाटायची. आता कळतं की त्या परदेशी परीक्षेचं नावही न ऐकता तीच परीक्षा घेत होत्या.

एका लेखी स्टेशनात कौन्सिलच्या आचारसंहितेवरचा प्रसंग असतो. सहकाऱ्याचं काही चुकीचं चाललेलं दिसलं तर काय कराल, पेशंटची गोष्ट बाहेर गेली तर काय कराल, असे. कुणाला सांगायचं, कुठे लिहायचं आणि का, हे मुद्देसूद लिहायचं.

माझी परीक्षा नॉर्थॅम्प्टनला झाली. माझ्या वेळी तिची फी ७९४ पौंड होती आणि ट्रस्टने भरली. मुलाखतीच्या वेळीच हे लेखी विचारून घ्या, शिवाय नोकरी लवकर सोडली तर काय परत द्यावं लागेल तेही. नापास झालं तर सगळं पुन्हा द्यावंच लागतं असं नाही. सोबतच्या एकीचं ड्रेसिंगचं स्टेशन गेलं, निर्जंतुक भागाला हात लागला होता. तिने तेवढंच पुन्हा दिलं आणि पास झाली. निकाल ईमेलवर येतो, त्यानंतर नोंदणीची फी, आणि मग पिन नंबर, म्हणजे कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. त्या आठवड्यात गणवेश बदलला आणि औषधांच्या कपाटाची किल्ली हातात आली.

आपल्याकडे २०२१-२२ पासून बीएस्सीला सेमिस्टरचा नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यात मूल्यमापनासाठी अशी स्टेशन घालून दिलेली आहेत. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, ती खरोखर घ्या. त्याला मोठी लॅब लागत नाही. एक पलंग, एक चार्ट, एक सहकारी पेशंट म्हणून, आणि बोलत कर म्हणणारं कुणीतरी. फाईल किती जाड आणि आकृत्या किती सुबक यावर मुलींच्या रात्री जातात. त्याच रात्री त्यांना लेबर रूमला पाठवा, चार-चार जणींच्या तुकड्या करून, एका बाईभोवती एकीलाच उभं करून.

ब्रिटनचं रजिस्ट्रेशन दर तीन वर्षांनी टिकवावं लागतं. ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, आणि स्वतःच्या कामाविषयी लिहिलेली पाच टिपणं. महाराष्ट्र कौन्सिलचंही मी चालू ठेवलंय. तिथे पाच वर्षांत १५० तासांची सीएनई, म्हणजे नर्सचं पुढचं चालू शिक्षण, भरायची असते. सुट्टीला गावी आले की मी आधी कार्यशाळेची तारीख बघते, मग तिकीट काढते. कोल्हापूरची एक मुलगी परवा विचारत होती की बाहेर गेल्यावर इकडचं रिन्यूअल कशाला करायचं. परत यायचं झालं तर लागेलच, आणि तिकडच्या कौन्सिलने चौकशी केली तर इकडचं रजिस्टर स्वच्छ असलेलं बरं. पण मला ते नाव तिथे हवंच आहे. तिने अजून ट्रान्सक्रिप्टचा अर्ज केलेला नाही. या सोमवारी कर म्हणून सांगितलंय.